अंगमत

सभेत माणूस जे मागतो ते निम्मं स्वतःसाठी मागतो आणि निम्मं शेजारच्या खुर्चीला ऐकू जावं म्हणून. चिंचवडच्या कारागीर वसाहतीच्या जुन्या इमारती पाडून नव्या कशा बांधाव्यात, हे ठरवायला रहिवासी जमले तेव्हा याचा भरपूर प्रत्यय आला. जन्मात गुडघ्यावर पाणी न पाहिलेल्या पोटेकाकांनी पोहण्याचा तलाव मागितला. ज्यांच्या घरी दिवाळी अंकाची घडी पुढच्या दिवाळीपर्यंत मोडत नाही, त्यांनी वाचनालय मागितलं. कुणाला ध्यानकक्ष हवा होता, कुणाला कारंजं. कारंज्याला कडाडून विरोध करणाऱ्यांनी अखेर "निदान रंगीत दिवे तरी नकोत" अशी तडजोड करून आपली लाज राखली. "पण कपडे कुठे वाळत घालायचे?" असं मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, तर त्यांना "मुद्द्याचं बोला" म्हणून खाली बसवण्यात आलं.

सगळ्यांचं मागून झाल्यावर सोसायटीची सेक्रेटरी हेमलता कुलथे उठली. कुठल्या वाक्याला टाळी पडते, हे वसाहतीतल्या या हेमाताईला अनुभवाने कळत होतं.

"तलाव द्या, कारंजं द्या, आमचं कशालाच नाही नाही," ती म्हणाली. "पण एक वस्तू तुमच्या कॅटलॉगमध्ये मला दिसली नाही. शेजार! मी लग्न होऊन इथं आले त्या दिवसापासून माझ्या दारासमोर शालनवहिनींचं दार आहे. नव्या घरातही मला समोर तेच दार पाहिजे. मग भिंतींना रंग तुमच्या मनाला येईल तो लावा."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत शालनवहिनी मोहोळकरांनी पदराने डोळे टिपले. ठराव एकमताने मंजूर झाला.

घरी येताना हेमाचा नवरा यशवंत म्हणाला, "भाषण झकास झालं हं. मलासुद्धा क्षणभर खरं वाटलं."

"म्हणजे काय? खरंच आहे ते!"

"मी कुठं नाही म्हणतोय?" असं म्हणून यशवंत पायऱ्या मोजत असल्यासारखा खाली बघून जिना चढू लागला. आयुष्यभर लेथवर काम केलेल्या या माणसाला सुताएवढा फरकही लगेच दिसायचा. फक्त तो बोलून दाखवायची वेळ त्याची चुकायची.

पुढच्या सभेला विकासकाकडून मैथिली शेवडे नावाची नियोजनकार मुलगी आली. तिने लोकांच्या मागण्यांची यादी आदराने वाचून दाखवली आणि तितक्याच आदराने बाजूला ठेवली.

"काका-काकू, आजवर आम्ही लोकांनी मागितलं तेच बांधत आलो," ती म्हणाली. "आता जाऊन बघा. वाचनालयात सायकली ठेवतात. ध्यानकक्षात गणपतीचं मखर ठेवतात. लोक खोटं बोलतात असं नाही. पण तोंड चारचौघांत राहतं आणि अंग घरात राहतं. म्हणून आता आम्ही अंगाला विचारतो."

या विचारण्यालाच 'अंगमत' म्हणत. युक्ती तशी साधी होती. माणूस जरासा जरी दचकला, तरी त्याच्या कातडीवर डोळ्यांना न दिसणारा घाम येतो आणि त्या ओलीतून वीज अधिक सहज वाहते. मनगटावरच्या पट्ट्याला ते कळतं. काळजाचे ठोकेही घड्याळासारखे पडत नाहीत. माणूस स्वस्थ असला की दोन ठोक्यांमधलं अंतर श्वासाबरोबर कमीजास्त होत राहतं. तो ताणात आला की ठोके कवायतीतल्या पावलांसारखे एकसारखे पडू लागतात. शिवाय खोलीच्या जमिनीत दाब मोजणाऱ्या पट्ट्या होत्या. माणूस पुढे जात असला तरी त्याचा भार टाचांवर गेला, तर त्याला मागे फिरायचं आहे, हे त्यांना समजे. या सगळ्याची मिळून एक रेघ निघायची. रेघ खाली असली की अंग निवांत, वर गेली की ताठ.

रेघ काढायला शाळेच्या हॉलमध्ये एक अंधारी खोली उभारली होती. तिच्यात प्रकाशाचं घर उभं राही: भिंती, खिडक्या, ओटा, जिना आणि बाहेर वावरणारे शेजारीसुद्धा. त्यासाठी प्रत्येक रहिवाशाचं त्याच्या संमतीने थोडं चित्रण आधीच करून घेतलं होतं. "वेगळं काही करू नका, रोज दारात जे करता तेच करा," एवढंच त्यांना सांगितलं होतं.

"आणि मग ते यंत्र काय करतं?" पोटेकाकांनी विचारलं.

"लग्नातली पंगत कशी बसवतात, काका? मामांच्या शेजारी आत्या नको, व्याह्यांच्या समोर ते रागावलेले काका नकोत. घरचा जाणता माणूस मनातल्या मनात दहा वेळा पाटरांगोळ्या हलवतो आणि मग पानं मांडतो. यंत्र तेच करतं, फक्त लाखो वेळा. ज्या मांडणीत सगळ्यांचा मिळून ताठरपणा सगळ्यांत कमी, ती मांडणी म्हणजे तुमचा आराखडा. कुणाची रेघ कशी आली हे दुसऱ्याला कधीच कळणार नाही. हवी तर ज्याची त्याला बघता येईल."

लोकांना पंगतीचं उदाहरण पटलं. पंगतीतून उठून गेलेली माणसंही त्या सभेत होती. पण त्यांनाही पटलं.

हेमाची पाळी एका सकाळी आली. मनगटावर पट्टा बांधून ती प्रकाशाच्या घरात शिरली आणि मनापासून हरखली. ओट्यासमोर खिडकी होती. फोडणीचा धूर सरळ बाहेर जाईल, असं तिच्या मनात आलं न आलं तोच खिडकी थोडी रुंद झाली. सज्जात ऊन होतं. तिने हात लांब केला, तर कठडा तिच्या कोपराच्या उंचीला येऊन थांबला. आपल्या मनातलं न बोलता ओळखणारं आजवर तिला कुणी भेटलं नव्हतं. यशवंतला तर बोलूनही ओळखता येत नसे.

मग दार उघडलं, समोरचंही दार उघडलं, आणि त्यात शालनवहिनी उभ्या होत्या. रोज करता तेच करा असं सांगितल्यामुळे त्यांच्या हातात वाटी होती. वर ताटली झाकलेली.

"हेमा, गरम आहे तोवर खा गं," प्रतिमा म्हणाली.

हेमाच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या.

तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर वहिनींचा डबा. आठवड्यापूर्वी त्यांनी कडबोळी पाठवली होती. झाकणावर 'शालन' असं कोरलेला तो स्टीलचा डबा अजून फडताळात पडून होता. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे हेमा आईकडून शिकून आली होती. पण शालनवहिनींच्या कडबोळ्यांच्या तोडीचं घालायचं काय? त्यांची एक वाटी हिने परत करीपर्यंत आणखी दोन आलेल्या असत. हेमाच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना कुशीवर वळवायला वहिनी येत. यशवंतचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा हे घर वहिनींनी चालवलं. हे सगळं हेमाच्या मनात जमा होत गेलं होतं, आणि वहिनींनी मात्र ते कधी लक्षातच ठेवलं नव्हतं. तेच तिला जास्त जड जात होतं. वर त्या दार न वाजवता येत, पातेल्यावरचं झाकण उचलून "आज काय?" विचारत, आणि खिडकीजवळच्या त्याच खुर्चीवर बसत. त्यांच्यापुढे हेमाला स्वतःच्याच घरात पाहुणी म्हणून आल्यासारखं अवघडायला होई.

प्रकाशातल्या दारातून वहिनी मागे सरल्या. दार मिटलं. हेमाने लांब श्वास सोडला आणि पट्टा सोडून हसतमुखाने बाहेर आली.

आराखडा लागला त्या दिवशी हॉलमध्ये जत्रा भरली. पडद्यावर तीन नव्या इमारती होत्या आणि प्रत्येक चौकोनात एका कुटुंबाचं नाव. कुणाच्याही अंगाचं गुपित फोडायचं नाही, हा नियम यंत्राने कसोशीने पाळला होता. फक्त कुणाला कुठे बसवलं ते पडद्यावर दाखवलं होतं, आणि एवढं वाचायला कारागीर वसाहतीला कुणाची मदत लागत नव्हती. एका ताटात जेवणारे म्हणून नावाजलेले जगदाळे बंधू एकाच मजल्याच्या दोन टोकांना होते. एका जोडप्याच्या दोन खोल्यांमध्ये बाहेरच्या भिंतीइतकी जाड भिंत निघाली. ते दोघंही एकमेकांकडे न बघता "आवाज येत नाही, चांगलंच आहे" म्हणत निघून गेले. तलाव कुठेच नव्हता. प्रकाशातल्या तलावाच्या काठावर पोटेकाकांची रेघ म्हणे छताला टेकली होती. ही बातमी कुणी फोडली, तर खुद्द पोटेकाकांनीच. ध्यानकक्षही नव्हता, तिथे शिरताच झाडून साऱ्यांच्या छातीत धडधडत होतं. त्याऐवजी होते बसण्याइतके रुंद कठडे, जिन्याच्या वळणावर एकेक खिडकी, आणि दर घराला कपडे वाळत घालायला उन्हाचा सज्जा. मागच्या रांगेतल्या त्या बाई तो सज्जा बराच वेळ बघत उभ्या होत्या.

हेमाने आपलं नाव शोधलं. 'अ' इमारत, शेवटचं घर. दाराबाहेर ओसरीसारखा लांब मोकळा सोपा. समोर दार नाही, खिडकीत कडुनिंब. तिला इतका आनंद झाला, की हसू दाबायला तिने तोंडावर रुमाल धरला. मग तिने मोहोळकर हे नाव शोधलं. ते 'क' इमारतीत होतं. वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला.

रुमाल तिने तसाच धरून ठेवला. लोकांना वाटलं, हेमाताईंना रडू आवरेना.

"अन्याय आहे हा!" जगदाळे बंधूंपैकी एक म्हणाले. "तुमच्या दोघींची ताटातूट? यंत्र बिघडलंय."

"बिघडलंच असेल," हेमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची कडी वाजली. हेमाने उघडलं तर शालनवहिनी.

"वहिनी, कडी कसली वाजवताय?"

"आता वाजवायला पाहिजे गं." त्या आत आल्या, पण खिडकीजवळच्या खुर्चीवर न बसता दाराजवळच्या स्टुलावर टेकल्या. "हेमा, माझं चुकलं. तू सगळ्यांसमोर इतकं बोललीस माझ्याबद्दल, आणि मी ही अशी."

"कशी?"

"त्या खोलीत तुझं दार उघडलं ना, तेव्हा तू दिसलीस आणि तुझ्यामागे भावजी. पाय वर घेऊन पेपर वाचत बसलेले. आमचे हे होते तोवर तेही असेच बसायचे बघ, वाचायचे थोडं आणि पुटपुटायचे फार. माझ्या पोटात असा खड्डा पडला! यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार? त्याला वाटलं, या बाईला समोरचं दार बघवत नाही." त्यांनी स्टुलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "आणि खोटं कशाला बोलू, कधी कधी नाहीच बघवत. पण म्हणून मला दार नको होतं असं नाही गं. तू रागावलीस?"

हेमाच्या ओठांवर सगळं आलं होतं. नुसतं तोंड उघडलं असतं तरी बाहेर पडलं असतं. तिने तोंड उघडलंही.

"असू दे हो वहिनी," ती म्हणाली. "मी काही मनात धरलं नाही."

गुन्हा आपला आणि क्षमाही आपलीच, फक्त मध्ये उभी वहिनी! हेमाने चहा केला, साखर जरा जास्त घातली. वहिनी डोळे पुसून, हलक्या होऊन गेल्या. आतल्या खोलीतून यशवंत आला आणि रिकाम्या कपाकडे बघत म्हणाला, "काय गं, देवळातल्या पेटीतनं कुणी पैसे काढतं आणि वर प्रसादही घेतं, त्याला काय म्हणतात?"

"तुमचा चहा गार होतोय," हेमा म्हणाली.

आणि मग वाट्या सुरू झाल्या. पूर्वी त्या मायेने यायच्या, आता प्रायश्चित्त म्हणून येऊ लागल्या. भरली वांगी, गव्हाची खीर, तिळाची चटणी. वहिनी कडी वाजवत, वाटी हातात देत आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरत. हेमाच्या फडताळात 'शालन', 'शालन', 'शालन' अशी रांग लागली. ती दार उघडायला जाई तेव्हा पट्टा न बांधताही तिला स्वतःची रेघ दिसे.

असं सोसेना तेव्हा ती मैथिलीकडे गेली.

"मला माझी रेघ बघायची आहे."

मैथिलीने ती पडद्यावर आणली. खिडकीशी, सज्जात रेघ खाली, संथ. वहिनींच्या दाराशी सुळका.

"हे बघ," हेमा घाईघाईने म्हणाली, "त्यांचा डबा द्यायचा राहिला होता माझा. त्याचं आलं होतं मनात. तुमचं यंत्र त्याला नावड समजलं."

"शक्य आहे, काकू. यंत्राला अंग ताठलं एवढंच कळतं. का ताठलं ते कळत नाही. लाज, भीती, राग, माया, सगळ्यांचा सुळका सारखाच. मुलीला सासरी धाडताना बापाची रेघ काढली तर तीही अशीच येईल."

हेमाला इतकं बरं वाटलं, की ती उठायलाच निघाली. पण तिची नजर सुळक्याच्या पुढे गेली. वहिनींचं दार मिटल्यानंतर रेघ खाली आली होती. खिडकीशी होती त्याच्याही खाली, सज्जात होती त्याच्याही खाली. सबंध फेरीत हेमाचं अंग इतकं निवांत कुठेच नव्हतं. डब्याची सबब सुळक्याला पुरत होती. या सपाटीला पुरत नव्हती.

"आणि त्यांची रेघ?" तिने विचारलं. "शालनवहिनींची?"

"ती फक्त त्यांना दाखवता येते. पण तुम्हाला दोघींना समोरासमोर घर हवं असेल तर हरकतींची मुदत संपायच्या आत एकत्र चाचणी देता येते. दोघींनी पट्टे बांधून शेजारी उभं राहायचं. दोन्ही रेघा दोघींना दिसतात. दोन्ही शांत आल्या, तर यंत्र पंगत पुन्हा मांडतं. नुसत्या तोंडी विनंतीवर नाही. तोंडीच चालवायचं असतं तर पट्टे कशाला बांधले असते?"

हेमा घरी येते तोच दारात वहिनी, हातात वाटी. या वेळी त्या थांबल्या.

"ज्याची त्याला रेघ बघायला मिळते म्हणे," त्या म्हणाल्या. "जाऊन बघावी म्हणते मी. किती पाप आहे माझ्या अंगात, ते तरी कळेल."

"नको!" हेमा म्हणाली. आवाज जरा चढलाच. "कशाला, वहिनी? उगाच मनाला लागेल. जे झालं ते झालं. जाऊच नका तुम्ही."

वहिनींनी तिच्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या, आणि वाटी देऊन गेल्या.

माफी घेतली तेवढी सोडली, तर इथवर हेमाच्या पारड्यात पडलं होतं ते अंगाचं होतं, आणि अंगावर माणसाचा इलाज चालत नाही, असं म्हणायला जागा होती. हे 'नको' मात्र तोंडाचं होतं. त्या रात्री तिने खिरीला हात लावला नाही. यशवंतने तिची वाटी आपल्याकडे ओढली.

"तुला हवंय तरी काय नक्की?" त्याने विचारलं. या वेळी चिडवण्याचा सूर नव्हता. "घर की वहिनी?"

"दोन्ही."

"मग यंत्र बिघडलेलं नाही. त्यानं तुला वहिनींचं घर लांब दिलं, वहिनी कुठं लांब नेल्या? चालत जाता येतं की! ते सोड. त्यांना काय वाटतंय, ते बघ. ती बाई स्वतःला गुन्हेगार समजून रोज माझ्यासाठी खीर आटवतेय, आणि मी निर्लज्जासारखा खातोय."

"सांगते मी."

"कधी?"

हेमाने ताटं उचलली. वाट्या येत राहिल्या आणि सांगायचं राहत गेलं. एकदा वहिनी घाईत होत्या म्हणून, एकदा जिन्यात पोटेकाका होते म्हणून, एकदा कसलंही कारण नव्हतं तरी.

हरकतींच्या शेवटच्या दिवशी सकाळी वहिनी आल्या त्या रिकाम्या हाताने. इस्त्रीची साडी, केस नीट बांधलेले.

"चल हेमा, आपण दोघी एकत्र पट्टा बांधू. मैथिलीनं सांगितलं मला. मी मन अगदी घट्ट करून आलेय. या वेळी मी चुकायची नाही."

रस्ताभर त्या हळू आवाजात श्वास मोजत चालल्या होत्या. खोल घ्यायचा, हळू सोडायचा. हेमाला त्यांच्याकडे बघवेना. हॉलमध्ये जगदाळे बंधू एका टेबलाच्या दोन टोकांना उभं राहून एकाच अर्जावर हरकत लिहीत होते. मैथिलीने दोघींना त्या अंधाऱ्या खोलीच्या दाराशी नेलं आणि पट्टा हातात घेतला. वहिनींनी डोळे मिटले, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात पुढे केला. तो हात हेमाने सासूबाईंच्या पाठीखाली पाहिला होता.

"थांब," हेमा म्हणाली. "नको बांधू त्यांना."

मैथिली थांबली. वहिनींनी डोळे उघडले.

"वहिनी, ते तुमचं नव्हतं. माझं होतं. माझी रेघ वर गेली. तुमच्याकडे बघून गेली, आणि दार मिटल्यावर खाली आली. मी स्वतः पाहिलंय. तुम्ही माफी मागायला आलात आणि मी ती घेतली. डबासुद्धा अजून माझ्याकडेच आहे तुमचा."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

"डब्याचं?"

"रेघेचं. मी बघून आले माझी. सरळ आहे. तुझ्या दाराशी तर अगदीच सरळ. पोटात खड्डा पडला तो मला वाटला तेवढाच. अंगानं तो मोजलासुद्धा नाही."

"कधी पाहिलीत?"

"तू जाऊ नका म्हणालीस, त्याच संध्याकाळी. इतक्या वर्षांत तू मला कधी कुठं जाऊ नका म्हणाली नाहीस, हेमा. जा म्हणायचीस. घाईनं म्हणायचीस." त्या किंचित हसल्या. "ते मला आता कळतंय."

"मग इतके दिवस, त्या वाट्या..."

"तू सांगशील म्हणून येत होते. रिकाम्या हातानं कसं यायचं?"

मैथिली पट्ट्याचं बक्कल उगाच उघडझाप करत होती. हेमाने आपला हात तिच्यापुढे धरला.

"बांध मला. वहिनी, चला, आता देऊ आपण चाचणी. सगळं बोलून मोकळी झालेय मी. आता माझी रेघ सरळ येईल. खरंच येईल बघा."

"तुझी येईल गं," शालनवहिनी म्हणाल्या. त्यांनी बांगड्या खाली ओढल्या, एकेक. "आता माझी नाही यायची."

आराखडा होता तसाच राहिला. इमारती उठल्या, त्याही उत्तम उठल्या, हे मान्य करायला हवं. बांधून वर्ष झालं तरी कुठल्याही कठड्यावर माणूस बसलेला नाही असं होत नसे. जिन्याच्या खिडक्यांशी लोक श्वास घ्यायला थांबत आणि बोलत राहत. जगदाळे बंधू आता सोप्याच्या दोन टोकांवरून निघून मधोमध भेटत आणि पूर्वीपेक्षा जास्त बोलत. अंगमताची सगळीकडे वाहवा झाली. दुसऱ्या वसाहतींचे सेक्रेटरी आराखडा बघायला येत, आणि हेमाच त्यांना हिंडवून आणी. "शेजाराचं काय केलंत?" असं कुणी विचारलं, की ती कडुनिंब दाखवी.

संक्रांतीला तिने गुळाची पोळी केली. चांगली जमली. सगळे 'शालन' तिने आधीच भरून, दोन फेऱ्या करून पोचते केले होते. म्हणून या वेळी तिने स्वतःची वाटी घेतली, 'हेमलता' कोरलेली. तीत तूप घातलं, पोळ्या ताटलीत घेतल्या आणि लांब सोपा ओलांडून, मधलं मैदान ओलांडून 'क' इमारतीत गेली.

वहिनींनी दार उघडलं. "ये ना," म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. पोळीचा तुकडा तोडून तिथंच उभ्यानं खाल्ला. "खुसखुशीत झालीय हो. भावजींना तूप कमी देत जा." यशवंतच्या छातीची चौकशी झाली, थंडीची झाली. कुठे काही बोचेल असं एक अक्षर नव्हतं. मग त्या वाटी आणि ताटली घेऊन आत गेल्या. आत नळ वाजला. फडताळ उघडल्याचा आवाज येईल म्हणून हेमा कान देऊन उभी होती. तो आला नाही.

वहिनी बाहेर आल्या. ताटली घासलेली, वाटी घासलेली, दोन्ही कोरड्या फडक्यानं पुसलेली. त्यांनी दोन्ही हेमाच्या हातात दिल्या.

"वाटी रिकामीच देतेय," त्या म्हणाल्या. "आता ओझं नाही व्हायचं तुला."

यात टोमणा नव्हता. हेमाने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं होतं. टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं.

परत येताना ऊन छान होतं, कठड्यावरून दोघांनी हाका मारल्या, तिने हात केला. सोप्यातून चालताना तिची पावलं सैल पडत होती, श्वास हळू चालला होता. पट्टा असता तर रेघ अगदी तळाला आली असती. घरी येऊन तिने वाटी ओट्यावर ठेवली, खिडकीच्या उजेडात. आणि मग, चिमूटभर साखर तरी कुठे चिकटली असेल म्हणून, आत बोट फिरवून पाहिलं.